सोलापुरातलं स्मार्ट हॉटेल: तीन रात्री आणि एक ओला टॉवेल

जाहिरातीत लिहिलं होतं, 'खोली तुम्हाला ओळखते.' साफ खोटं. पहिल्याच रात्री आम्ही तिघं आत झोपलेलो असताना खोलीने ठरवलं की आत कुणीच नाही, आणि एसी बंद करून टाकला. मे महिना, सोलापूर, दिवसभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत, न उघडणाऱ्या काचेच्या खिडक्या आणि खोलीत पंखा नाही. घाईत असाल तर एवढंच वाचा आणि निघा: बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, 'छताला पंखा आहे का?' नाही म्हणाले तर दुसरं हॉटेल बघा. तुमचं बाकीचं सगळं पुढे सोसता येतं, हे नाही.

मावसभावाचं लग्न होतं, म्हणून ठाण्याहून आई-बाबांना घेऊन गेले. बाबा एकाहत्तर वर्षांचे, मधुमेही, इन्सुलिनवर. कार्यालयातल्या गादीवर त्यांना झोप लागणार नाही म्हणून मीच हौसेने हे हॉटेल शोधलं. हायवेकडच्या बाजूला, नवंकोरं, तिघांची खोली ३,४०० रुपये रात्रीला. नाव लिहीत नाही, कारण हीच यंत्रणा आता बऱ्याच ठिकाणी बसायला लागली आहे आणि माझं भांडण त्या यंत्रणेशी आहे.

वंदे भारत सोलापूरला पोहोचते रात्री पावणेअकराच्या सुमारास. स्टेशनबाहेर रिक्षा ठरवूनच बसा. हॉटेलवर पोहोचेपर्यंत सव्वाअकरा. स्वागतकक्षात माणूस नाही, माणसाच्या उंचीचा एक पडदा उभा. त्यावर आधार ठेवायचं, मग तोंड दाखवायचं, मग तो फोटो जुळवून बघणार. माझा जुळला. बाबांचा दुसऱ्या खेपेला जुळला. आईच्या आधारवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, तेव्हा चष्मा नव्हता आणि केस काळे होते. तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा'. चौथ्यांदा आई त्या पडद्यालाच म्हणाली, "अरे बाबा, मीच आहे."

शेवटी रात्रपाळीचे वॉचमनमामा उठले, टेबलाखालून लांबडी वही काढली आणि दोन मिनिटांत तिघांची नावं लिहून घेतली. म्हणजे वही होतीच! त्यामुळे तुम्ही पहिल्यापासूनच वही मागा. आणि आधार देताना मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं, त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ओळख पटवायला तेवढं पुरतं.

खोलीची किल्ली म्हणजे मोबाइल. बुकिंग ज्या फोनवरून झालं त्या एकाच फोनमधल्या ब्लूटूथने दार उघडतं. कुलूप स्वतः सेलवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी ते जिवंत असतं. मेला तो माझा फोन. पॉवरबँक तुमच्याकडे असणारच असं मी धरून चालते. माझीही होती, पण बॅगेत, आणि बॅगा रिक्षावाल्याने सरळ लिफ्टने वर नेऊन ठेवलेल्या. बरं, माझा फोन घेऊन मी लग्नघरी गेले तर आई-बाबांनी खोलीत शिरायचं कसं? तेव्हा प्लास्टिकचं कार्ड मागून घ्या, दोन मागा. 'आमच्याकडे कार्ड नसतं' असं म्हणतात. ड्रॉवरमध्ये असतं. आत एक गोष्ट मात्र दिलाशाची: अशा कुलपांची आतली मूठ नुसती दाबली की दार उघडतं, त्याला फोन लागत नाही, कार्ड लागत नाही. आईला हे मी दोनदा करून दाखवलं, तेव्हा ती झोपायला तयार झाली.

आता ती रात्र.

पावणेएकला दिवे घालवले. एसी चोवीसवर, खोली छान गार. एक वाजून दहा मिनिटांनी टक् असा आवाज झाला आणि वारा थांबला. मला वाटलं वीज गेली, पण भिंतीवरचा पडदा चालू होता आणि त्यावर हिरवं पान आलं होतं, खाली 'इको मोड'. मी उठले, एसी परत चालू. झोपले. दीडच्या सुमारास पुन्हा टक्. मग मी घड्याळ लावून बसले. वीस मिनिटं. बरोबर वीस मिनिटं कुणी हललं नाही की टक्. बाबा तर झोपले की ओंडका, घोरतात तेवढाच जिवंतपणाचा पुरावा. पण या यंत्राला कान नाहीत.

दाराच्या वर एक पांढरा, अर्ध्या लिंबाएवढा डोळा असतो. तो तुम्हाला बघत नाही, तुमच्या अंगाची उष्णता हलली की त्याला कळतं. गरम वस्तू त्याच्या नजरेच्या एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली तर 'माणूस आहे'. न हलता झोपलेला माणूस त्याच्या लेखी नाही. आमच्या खोलीत तर तो अशा ठिकाणी बसवला होता की त्याला दारापुढची बोळकांडी आणि पलंगाचं पायथ्याकडचं टोक एवढंच दिसत असावं.

पण खरी गंमत तीननंतर झाली. तोवर मी कंटाळून दोनदा तशीच पडून राहिले होते आणि भिंतीवरचा आकडा ३३ झाला होता. आता उठून हात हलवले तरी एसी लागेना. पलंगाजवळ उभी राहून दोन्ही हात आरतीच्या वेळी हलवावेत तसे हलवले. काही नाही. डोकं चालायला पाच मिनिटं लागली, पण मग लक्षात आलं. आपल्या कातडीचं तापमान असतं साधारण ३३-३४. भिंतही तेवढीच तापलेली. या डोळ्याला अंग आणि भिंत यांतला फरक दिसतो, आणि फरकच उरला नव्हता! म्हणजे खोली जितकी तापणार, तितके आपण तिला कमी दिसणार, आणि जितके कमी दिसणार तितका एसी लागणार नाही. पुण्यात किंवा महाबळेश्वरात हे यंत्र कदाचित शहाण्यासारखं वागत असेल. सोलापूरच्या मे महिन्यात ते आंधळं होतं, नेमकं गरज असते तेव्हा. दाराशी अगदी त्या डोळ्याखाली जाऊन त्याच्या नाकासमोर हात नाचवला तेव्हा कुठे एसी लागला.

सव्वातीनला खाली गेले. मामा खुर्चीत बसून होते, जणू वाटच बघत होते.

"काय ओ ताई, एसी बंद पडलालाय न्हवं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"समद्यांचंच तसं होतंय की. थांबा, फॅन देतो. टॉवेल हाय का? ओला करून बांधा त्याला. डोळ्यासमोर ठेवा."

"ओला कशाला?"

"वाळलेला चालत न्हाई बगा. का चालत न्हाई मला नका इचारू."

उभा पंखा वर आणला, दाराजवळ ठेवला, त्याच्या जाळीला हॉटेलचाच टॉवेल बांधला. आधी हट्टाने कोरडाच बांधून बघितला. फडफडला, पण एसीला पत्ता नाही. कोरडा टॉवेल खोलीइतकाच गरम, त्यामुळे तो हलला काय आणि न हलला काय. मग न्हाणीत जाऊन भिजवून आणला. पाणी उडून जाताना कापड गार होतं, गार टॉवेल गरम भिंतीपुढे फडफडला आणि डोळ्याला वाटलं कुणीतरी नाचतंय. एसी सकाळपर्यंत चालू राहिला. सोलापूरचा टेरी टॉवेल जाड असतो, पाणी धरून ठेवतो, एकदा भिजवला की पहाटेपर्यंत पुरला. पाहुण्यांचं जे काही 'अनुभवविश्व' हॉटेलवाले सांगत होते ना, ते या टॉवेलवर चाललं होतं.

हे दुरुस्त करता येत नाही असं मुळीच नाही. दारावर चुंबकाची एक छोटी कळ बसवली आणि यंत्राला शिकवलं की दार लागल्यावर आत एकदा हालचाल दिसली तर पुढचं दार उघडेपर्यंत माणूस आतच आहे, तर प्रश्न मिटतो. छातीची श्वासाची हालचाल टिपणारे रडारचे सेन्सरही मिळतात. आमच्या हॉटेलने यातलं काहीच बसवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला विचारलं तर म्हणाले, "मॅडम, सिस्टिम बरोबर आहे, आपण जास्त वेळ स्थिर राहत असाल." हो, रात्री राहतो आम्ही स्थिर.

खोलीत शिरल्यावर तुम्ही काय करायचं ते सांगते. पंखा बघा. मग खुर्चीत पुस्तक घेऊन अर्धा तास न हलता बसा. एसी बंद पडला तर सामान उघडू नका, खोली बदलून मागा किंवा 'सेन्सर बायपास करा' म्हणा, म्हणजे त्या डोळ्याला वगळून एसी चालू ठेवा. हा शब्द तांत्रिक माणसाला कळतो आणि त्याला ते भिंतीवरच्या पडद्यातूनच करता येतं. आम्हाला तो माणूस तिसऱ्या दिवशी भेटला.

न्हाणीतही तोच प्रकार, पण तिथे हसू येत नाही. अंघोळीची जागा काचेच्या दारामागे आणि हा डोळा काचेपलीकडची उष्णता ओळखत नाही. बाबा साबण लावून उभे असताना दिवा गेला. ओली फरशी, मिट्ट काळोख, एकाहत्तर वर्षांचा माणूस. हाक मारली म्हणून मी धावले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर न्हाणीचं दार उघडं ठेवा किंवा बॅटरी आत ठेवा, लाज बाळगू नका. नळही हात धरला तरच पाच-सहा सेकंद वाहतो, बादली नाही. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे पाणी वाचवावं हे मान्य. पण सगळ्यात कमी पाण्यात अंघोळ बादली आणि तांब्याने होते हे त्यांना कुणीतरी सांगा. मागितली की देतात.

आता पैसे. फ्रिजमधल्या बाटल्या ज्या खाचांत ठेवलेल्या असतात त्या खाचांना सेन्सर असतो. बाटली उचलून ठरावीक वेळ बाहेर राहिली की ती तुम्ही प्यायलात असं धरून बिलात चढते. मी बाबांचं इन्सुलिन ठेवायला चार बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. ८६० रुपये! शिवाय वरच्या ट्रेमधलं शेंगा चटणीचं पाकीट आईने 'केवढ्याला आहे बघू' म्हणून उचललं आणि कुतूहलाने वाचत बसली, त्याचे १८०. हीच चटणी बाजारात तोंडाला पाणी सुटेल इतकी ताजी, खलबत्त्यात कुटलेली मिळते, आणि भावाचं काही विचारूच नका. औषध ठेवायचं असेल तर आल्याआल्या फ्रिज रिकामा करून द्यायला सांगा. बाटल्या टेबलावर ठेवल्या त्याच वेळी मी फोटो काढला होता म्हणून वाचले. शेवटी दोन्ही रकमा वजा झाल्या, पण त्यात पाऊण तास गेला. 'स्मार्ट सुविधा शुल्क' म्हणून रात्रीला ९९ रुपये होते, तेही काढायला लावले, कारण बुकिंगच्या वेळी दाखवलेच नव्हते. सेवा शुल्क कुणी परस्पर लावलं तर तेही नाकारता येतं, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. ऐकत नसतील तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. मी नंबर नुसता मोठ्याने म्हटला, पुरला. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के. बिलात १२ दिसले तर तो जुना दर आहे.

बोलून हुकूम सोडायचा डबाही होता. त्याला हिंदी आणि इंग्रजी येतं. बाबा त्याला "ए, दिवा घालव रे" म्हणाले, तो गप्प. मग त्याची वायर काढून ठेवली आणि तुम्हीही काढा. जपानात नागासाकीजवळ २०१५ मध्ये रोबोंनी चालवलेलं 'हेन ना' नावाचं हॉटेल निघालं होतं. तिथे खोलीतली बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायची आणि त्याला उठवून 'पुन्हा सांगा' म्हणायची. २०१९ पर्यंत त्यांनी २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबो घरी बसवले. बाबांना तिथे नेलं असतं तर ती बाहुली पहिल्याच रात्री राजीनामा देती.

बाकी सहल छान झाली. लग्नात हुग्गी आणि शेंगापोळी, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर वारा. त्याबद्दल सांगण्यासारखं काही बिघडलं नाही. टॅबवरून मागवलेला चहा सात मिनिटांत आला, माणूस घेऊन आला.

निघताना पडद्यावर शेवटची एक ओळ आली: 'टॉवेल १, गहाळ, ३५० रुपये.' त्यांच्या टॉवेलच्या शिवणीत धुतली तरी टिकणारी चिप असते, मोजणी आपोआप होते. मी म्हटलं, आमच्याकडे नाही, बॅगा उघडून बघा. मॅनेजर म्हणाले, सिस्टिम चुकत नाही. तेवढ्यात रात्रपाळी संपवून निघालेले मामा थांबले.

"अओ सायेब, टॉवेल फॅनलाच हाय. फॅन काल राती ३०४ ला दिलालो. लहान लेकरू हाय त्यांच्यात."

मॅनेजरनी ३०४ ला फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, आत्ता नका नेऊ, बाळ झोपलंय.