नियम क्रमांक ९

बँकेत पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, व्हायला आयबीपीएसची परीक्षा असते. तिच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीला ३० प्रश्न, २० मिनिटं, वर चुकलं की पाव गुण कापणार. गणित आणि रिझनिंगने मला कधी रडवलं नाही. पहिल्या वर्षी पडलो तो इंग्रजीच्या कटऑफला, तेही 'एरर स्पॉटिंग'मुळे, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांमुळे. कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, हे मराठी शाळेतल्या पोरालाही माहीत असतं म्हणून मी त्याकडे बघितलंच नव्हतं.

मग नवी पेठेत एक क्लास लावला. नियमांची झेरॉक्स मिळाली, पाठ करा म्हणाले, केली. ईच, एव्हरी, नायदर-नॉर, 'अ नंबर ऑफ'ला आर आणि 'द नंबर ऑफ'ला इज, महिन्याभरात सगळं बसलं. अडकलो नियम क्रमांक ९ ला: 'वन ऑफ द' दिसलं की क्रियापद एकवचनी.

'वन ऑफ द गर्ल्स हॅज पास्ड.' ठीक. सराव परीक्षेत आलं, 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅव पास्ड.' क्लासची उत्तरतालिका म्हणते 'हॅव' चूक. एका जुन्या प्रश्नसंचात अगदी असंच वाक्य होतं, तिथे 'हॅज' चूक! सरांना विचारलं. "नऊ नंबर वाच." दुसऱ्यांदा गेलो, तर "परीक्षेत एवढा विचार करायला वेळ नसतो रे." तिसऱ्यांदा शंकांच्या रांगेत पाऊण तास उभा राहिलो, तोवर सर पुढच्या बॅचला गेले. फी मात्र एकरकमी घेतली होती.

त्या रात्री अभ्यासिकेत वैतागून वाक्य सरळ मराठीत लिहून काढलं. 'ज्या मुली पास झाल्या, त्यांपैकी ती एक.' ज्या! पास झाल्या कोण, तर मुली. म्हणून हॅव. इंग्रजीचं 'हू' एकाला आणि अनेकांना सारखंच, त्यामुळे वचन दिसतच नाही. आपल्या जी-ज्या मध्ये ते उघडं पडतं. मग 'शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू...' घेतलं. 'त्यांच्यात ती एकटीच, जी पास झाली.' जी, म्हणजे हॅज. इतके दिवस जे कुणी सांगितलं नाही ते माझ्याच भाषेत पडलेलं होतं. इंग्रजीत लिहिणारे लोक पहिल्या वाक्यात 'हॅज'ही लिहून जातात म्हणे, पण व्याकरणाची पुस्तकं सहसा 'हॅव'च्या बाजूची. परीक्षेत तेच धरा.

मराठी उलटही नडते, हे आत्ता आठवलं. 'सर आलेत' मधला आदर इंग्रजीत नेऊ नका. मी दोनदा 'सर हॅव कम' लिहिलंय. आणि 'ऑफ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'टुगेदर विथ' यांच्यापासून क्रियापदापर्यंतचा मजकूर ('अ नंबर ऑफ' आणि मघाची 'हू'वाली वाक्यं सोडून) बहुतेक वेळा मनातच झाका, स्क्रीनवर पेन्सिल चालत नाही. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' मध्ये आंबे झाकले की क्वालिटी उरते, इज. हो, एसचं राहिलंच: नामाला लागला की बहुधा अनेक, क्रियापदाला लागला की एक. 'न्यूज' मात्र एसवाली असून एकच.

दुसऱ्या वर्षी इंग्रजीचा कटऑफ आरामात ओलांडला. परवा गावाकडच्या एका पोराने त्याच क्लासच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला. नऊ नंबर जसाच्या तसा आहे.