तुम्ही विचारलंत म्हणून: बाटली का देत नाही

"माक्यावर काम करता, मग एक बाटली द्यायला काय होतं?" लग्नात, नागपुरात बर्डीच्या गर्दीत, अगदी दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही हे विचारून झालंय. विचारताना नजर माझ्या टकलावर असते, ते वेगळंच.

आमचा माका, म्हणजे केसांसाठी लावतात त्या भृंगराजाचा अर्क, लागतो उंदरांच्या पाठीवर. काळ्या उंदराची पाठ भादरली की कातडी गुलाबी दिसते. केसांची मुळं जागी झाली की करडी, मग काळी होते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन टोचलं की हे लांबतं, अर्क लावला की थोडं लवकर होतं. मात्र भादरताना ओरखडा उठला तरी तिथली मुळं जागी होतात. आता बोला, श्रेय अर्काचं की ओरखड्याचं?

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी एक बाई उमरेडहून एसटीनं मुलीला घेऊन आल्या. मुलगी विशीतली. डोक्यावरची ओढणी शेवटी आईनंच ओढली. भांग रुंदावलेला, कपाळाकडची कड शाबूत. बायकांचे केस हार्मोनमुळे बहुधा असेच जातात. पाळी दोन-दोन महिने येत नव्हती. म्हटलं, आधी बायकांच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासा. हा अर्क पेट्रोलियम ईथर या पेट्रोलसारख्या द्रावकात काढलाय, माणसावर तपासलेला नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग इतके वर्षं तुम्ही उंदराचेच केस वाढवून राहिले का जी?" मुलगी तेवढ्यात एकदा हसली. जाताना आईनं इतवारीच्या बाजाराचा रस्ता विचारला. मी सांगितला.

तिशीतला मी असतो तर बाटली दिली असती. त्या तिशीतल्याचं म्हणणं, इतवारीत कुणीही काहीही उकळून विकतो, तुझं निदान मोजलेलं तरी आहे. मुद्दा खोटा नाही. वर तो रोझमेरी तेलाचा 2015 चा इराणमधला अभ्यास तोंडावर फेकेल: सहा महिने, समोर 2 टक्के मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध, आणि दोघांत फारसा फरक नाही. पण यातलं काहीच नसलेलं साधं तेल लावणारा गट त्यात नव्हताच. त्या मुलीला बाटली दिली असती तर माझा पहिला गट तीच, तुलनेला दुसरा गट कुठेच नाही, आणि पाळीची तपासणी सहा महिने लांबणीवर.

राहिलं टक्कल. रविवारी आईच्या पद्धतीनं तिळाच्या तेलात उकळलेला माका मी लावतो. हो, लावतो. मे महिन्यात डोकं थंड राहतं. फोटो काढत नाही. काढले तर मोजावं लागेल, आणि जोडीला नुसतं तिळाचं तेल लावणारे टकले शोधावे लागतील. तुमच्यापैकी कुणी तयार असेल तर नाव द्या.