नाव नीट, हॅश भलताच

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रॅमच्या नोंदी (लॉग) ठेवणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षा-त्रुटी (सीव्हीई-२०२१-४४२२८) जाहीर झाली आणि वरून एकच विचारणा सुरू झाली: "आपल्याकडे हे कुठेकुठे आहे?" यादी काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नावावरून शोधणं मी लगेच सोडून दिलं. कोणी फाइलच्या नावातून व्हर्जन उडवलेलं, तर कोणी लायब्ररीचं अख्खं नावच बदललेलं. पण नाव काहीही ठेवा, आतला बाइट न् बाइट तोच असेल तर हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, तोच येणार. मेव्हन सेंट्रल या जावा लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारात प्रत्येक जारशेजारी (जार म्हणजे जावा कोडची झिप फाइल) तिचा एसएचए-१ पद्धतीने काढलेला हॅश असलेली छोटी फाइल असते. २.०-बीटा९ पासून २.१४.१ पर्यंतच्या लॉगफोरजे-कोअर या मुख्य जारचे हॅश तिथून उतरवून घेतले आणि सर्व्हरवरच्या झाडून सगळ्या जार त्यांच्याशी ताडायला स्क्रिप्ट लावली. वेषांतर केलेल्या बऱ्याच फायली तिथेच पकडल्या गेल्या.

"एसएचए-१ तर २०१७ मध्येच फुटला ना?" एका सहकाऱ्याने शंका काढली. शंका रास्त, पण इथे गैरलागू. तेव्हा एकच हॅश येणाऱ्या दोन पीडीएफ मुद्दाम घडवून दाखवल्या होत्या. आधीपासून असलेल्या एखाद्या फाइलचा हॅश घेऊन त्याला जुळणारी दुसरी फाइल बनवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती अजून कोणाला जमलेली नाही.

खरी डोकेदुखी होती फॅट जारची. सगळ्या लायब्ररी पोटात घेतलेली ती फाइल. तिचा बाहेरचा हॅश जगात कुठल्याच यादीत नसतो. मग ती उलगडायची आणि आतल्या क्लास फायलींचे, म्हणजे जावाच्या तयार कोडच्या तुकड्यांचे, हॅश काढायचे. त्यातही शेडिंग करताना, म्हणजे लायब्ररी अशी पोटात घेताना, तिच्या पॅकेजचं नाव बदललं असेल तर क्लास फाइलमधला बाइटकोडच (तयार कोड) बदलतो आणि हॅश काही सांगत नाही. अशा ठिकाणी मी सरळ 'जेएनडीआयलुकअप' हे, त्रुटीचा रस्ता ज्यातून जातो त्या क्लासचं, नाव शोधलं. रांगडी पद्धत, पण चालली.

संध्याकाळी एक जार अडून बसली. नाव लॉगफोरजे-कोअर-२.११.१, पण हॅश एकाही व्हर्जनशी जुळेना. नाव बदललेली फाइल समजू शकते; नाव बरोबर आणि मजकूर भलता, म्हणजे कोणीतरी हात घातलेला. घुसखोरीचा संशय तिथे उघडच बोलला गेला.

मी मूळ २.११.१ उतरवली, दोन्ही जार उलगडल्या आणि आतल्या फायलींचे हॅश समोरासमोर ठेवले. सगळे तंतोतंत जुळले. फरक एवढाच, की मूळ फाइलमध्ये असलेला जेएनडीआयलुकअप.क्लास आमच्या जारमध्ये नव्हताच. झिपमधून एक नोंद काढली तरी बाहेरचा हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो. आणि हा क्लास काढून टाकणं हाच तर तेव्हा सुचवलेला तात्पुरता उपाय होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. "हो, मीच काढला रात्री. कळवायचं राहून गेलं बघा."

त्या जारचा हॅश 'क्लास काढलेली' असा शेरा मारून आमच्या यादीत चढवला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तोच हॅश आणखी एका सर्व्हरवर निघाला. त्याबद्दलही त्याने कळवलेलं नव्हतं.