रग्बीवाला स्टॉडार्ट

आज दिवसभर कामात निम्मं लक्ष, बाकीचं अँड्र्यू स्टॉडार्टकडे. जन्म १८६३, इंग्लंडकडून रग्बीच्या १० इंटरनॅशनल मॅच खेळला, कॅप्टन झाला आणि क्रिकेटचा पण कॅप्टन! दोन्हीकडे कॅप्टन झालेले इंग्लंडचे फक्त दोघं, दुसरा हॉर्नबी.

१८८६ मध्ये हॅम्पस्टेड क्रिकेट क्लबसाठी ह्याने एका डावात ४८५ ठोकले, तेही म्हणे रात्रभर पत्ते कुटून, आणि दिवसभर बॅटिंग करून परत टेनिस खेळायला गेला. तो तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. १८९९ ला कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराने ६२८ करून मोडला, आणि कॉलिन्सचा २०१६ ला आपल्या कल्याणच्या प्रणव धनावडेने. भारी वाटलं एकदम.

पण अडकलो ते १८८८ मध्ये. क्रिकेट टूरसाठी हा ऑस्ट्रेलियात गेलेला, तेवढ्यात ब्रिटिश रग्बी टीम तिकडे आली तर घरी न जाता हा त्यांच्यातच घुसला. टूर काढणारे शॉ आणि श्रूजबरी, दोघं क्रिकेटवाले, गल्ला जमावा म्हणून टीमला ऑस्ट्रेलियन रूल्सच्या (तिकडचा फुटबॉल) पण मॅच खेळायला लावल्या, तो खेळ ह्यांना येत नव्हता तरी. आणि इकडे रग्बीत पैसे घेणं म्हणजे पाप! ह्याच टूरच्या जॅक क्लोजने सामानासाठी १५ पौंड घेतले तर त्याला प्रोफेशनल ठरवून टाकलं. चारच वर्षांत क्रिकेट टूरला डब्ल्यू. जी. ग्रेसने ३००० पौंड घेतले, वर खर्च वेगळा, तरी तो ॲमॅच्युअरच, म्हणजे हौशी खेळाडू. स्टॉडार्ट त्याही टूरवर होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

त्या रग्बी टूरमध्येच कॅप्टन सेडन हंटर नदीत बोट वल्हवताना बुडून गेला. मग कॅप्टन स्टॉडार्ट, आणि टूर चालूच, एकट्या रग्बीच्याच ३५ मॅच.

पोटापाण्याला शेअर ब्रोकर होता, नंतर लंडनच्या क्वीन्स क्लबचा सेक्रेटरी, पण तब्येत ढासळली, ती नोकरीही सुटली, त्यात महायुद्ध आणि पैशाची ओढाताण. एप्रिल १९१५ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं, वय ५२. ज्याला बघायला लोक तिकीट काढून यायचे त्याच्या म्हातारपणासाठी त्या गल्ल्यातलं काहीच बाजूला पडू नये हे मला तरी पटत नाही, तेव्हाचे नियम काय असतील ते असोत.