कोणी बसायचे आणि कोणी उठायचे

ठाण्यातील एका वधू-वर सूचक केंद्रात मी परिचय मेळाव्यांचे काम पाहते. गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातील एका सभागृहात झालेल्या मेळाव्याचा निकाल मला अजून पुरता उलगडलेला नाही. तो सांगायचा तर आधी पद्धत सांगितली पाहिजे, कारण स्पीड डेटिंग म्हटले की बहुतेक पालकांना ती हॉटेलातील वेळ घालवण्याची तऱ्हा वाटते.

वास्तविक ही पद्धत लग्ने जुळवण्यासाठीच निघाली. १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये याकोव्ह डेयो या ज्यू धर्मगुरूंनी समाजातील अविवाहित तरुण-तरुणींची एकमेकांशी गाठ पडावी म्हणून ती सुरू केली. आपल्याकडच्या जुन्या मेळाव्यात उमेदवार व्यासपीठावर येऊन नाव, शिक्षण, पगार आणि अपेक्षा सांगतो व खाली बसलेले पालक पुस्तिकेत खुणा करतात. या पद्धतीत तेवढ्याच वेळात प्रत्येक मुलगी प्रत्येक मुलाशी स्वतः बोलते. चौदा मुली, चौदा मुलगे आणि चौदा टेबले असतात. सहा मिनिटांनी घंटा वाजली की एका बाजूच्या सर्वांनी उठून पुढच्या टेबलावर जायचे आणि नवे बोलणे सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या कार्डावर आधीच्या व्यक्तीच्या क्रमांकापुढे होकाराची किंवा नकाराची खूण करायची. दोन्हीकडून होकार आला तरच दुसऱ्या दिवशी आम्ही फोन नंबर देतो. एकतर्फी होकार कोणालाही, अगदी आईवडिलांनाही, कळत नाही.

यातली खरी मेहनत मांडणीत आहे. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या की नोकरीची मुलाखत सुरू होते, म्हणून मी त्या टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना ठेवते. शेजारच्या टेबलावरचा आवाज यावा, पण शब्द कळू नयेत, एवढे अंतर मिळेपर्यंत मी स्वतः प्रत्येक खुर्चीवर बसून पाहते. खूण लगेच करायला लावते, कारण सातव्या भेटीपर्यंत दुसऱ्या भेटीतला माणूस चेहऱ्यासकट विसरलेला असतो. बिल्ल्यावर फक्त नाव आणि क्रमांक असतो. आडनाव, शिक्षण आणि पगार मी लिहू देत नाही. तरीही पहिल्याच मिनिटात ‘मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न येतो. त्या प्रश्नाला काय हवे असते हे आपल्याला सर्वांनाच ठाऊक आहे, आणि उच्चशिक्षित माणसेही सहा मिनिटांतली दोन त्यातच घालवतात याचे मला दर वेळी वाईट वाटते.

त्या रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता. डोंबिवली-कल्याणकडची मंडळी उशिरा पोहोचली, आणि कळव्याचा एक मुलगा पायाला प्लास्टर घालून कुबड्या घेऊन आला. आमच्याकडे मुली बसलेल्या असतात आणि मुलगे टेबले बदलतात, तसाच प्रघात आहे. त्याला चौदा वेळा उठवणे शक्य नव्हते, म्हणून मी मुलग्यांना बसवून मुलींना फिरवायचे ठरवले. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते रुचले नाही. ‘मुलींनी असं टेबलाटेबलावर जाणं बरं दिसत नाही,’ असे ते म्हणाले. लग्नाच्या व्यवहारात मुलीने जागेवर बसून राहावे आणि निवडले जावे ही समजूत आमच्या क्षेत्रात किती खोल मुरली आहे, ते अशा वेळी दिसते. मी कार्यक्रम ठरवल्याप्रमाणेच केला.

रात्री कार्डे जुळवायला बसले तेव्हा वेगळेपण लगेच लक्षात आले. एरवी मुलींच्या कार्डांवर दोन-तीन होकार असतात आणि मुलग्यांच्या कार्डांवर त्याच्या दुपटीहून अधिक. त्या दिवशी मुलींचे होकार मुलग्यांच्या जवळपास पोहोचले होते, त्यामुळे जुळलेल्या जोड्याही नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होत्या. ऐरोलीला नोकरी करणारी एक मुलगी आधीच्या मेळाव्यांतून सगळे नकार देऊन गेली होती. तिच्या कार्डावर या वेळी चार होकार होते.

कारण शोधताना मला अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एली फिंकेल आणि पॉल ईस्टविक यांचा २००९ सालचा अभ्यास सापडला. त्यांनी असेच पंधरा कार्यक्रम घेतले, काहींत पुरुषांना फिरवले, काहींत स्त्रियांना. पुरुष फिरत होते तेव्हा स्त्रिया अधिक चोखंदळ होत्या. स्त्रिया फिरू लागल्या तेव्हा तो फरक उरला नाही. जो उठून दुसऱ्याकडे जातो त्याचा आत्मविश्वास आणि ओढ वाढते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आमच्या सभागृहातील एका संध्याकाळीवरून काही सिद्ध होत नाही, पण तो निबंध वाचल्यावर माझी झोप उडाली हे खरे आहे. मुलींच्या स्वभावाबद्दल आम्ही जे ठामपणे बोलत आलो, त्यातले किती स्वभावाचे आणि किती बैठकीचे?

दरम्यान ऐरोलीच्या मुलीच्या आईचा फोन आला. जुळलेल्या मुलाचे स्थळ त्यांनी वर्षभरापूर्वी आमच्याच केंद्रातून आलेल्या बायोडेटावरून नाकारले होते, मुलगी एम. कॉम. आणि मुलगा डिप्लोमा झालेला, हे कारण होते. बिल्ल्यावर शिक्षण नसल्यामुळे ते तिच्या लक्षात आले नव्हते. ‘मॅडम, गडबडीत चुकून खूण झाली असेल, तुम्ही ते कार्ड मला दाखवा,’ असा आईंचा आग्रह होता. कार्ड मुलीचे आहे, ते तिच्याखेरीज कोणालाही दाखवणार नाही, असे मी सांगितले, आणि त्या नाराज झाल्या.

मला स्वतःला ही पद्धत उपयोगी वाटते ती अशाच स्थळांसाठी. फिंकेल आणि ईस्टविक यांनी सामंथा जोएल यांच्यासह २०१७ साली केलेल्या अभ्यासात माणसांनी स्वतःविषयी आणि आपल्या अपेक्षांविषयी भरून दिलेली शंभराहून अधिक वैशिष्ट्ये संगणकाला दिली, तरी नेमके कोणाला कोण विशेष आवडेल हे त्याला आधी सांगता आले नाही. आमचा अपेक्षांचा रकाना म्हणजे तीच यादी, आणि तिशी ओलांडलेली कितीतरी चांगली मुले-मुली त्या रकान्यातच अडकून पडतात. घरात जातीबाहेर चालणारच नाही असे पक्के असेल तर मात्र येऊ नये. समोरच्याचा हकनाक अपमान होतो. आणि होकाराची खूण म्हणजे पुन्हा एकदा भेटण्याची तयारी, एवढाच तिचा अर्थ धरावा. त्या रविवारच्या जोड्यांपैकी काही मुलींनी फोन नंबर मिळाल्यावर बोलायचे नाही असे कळवले, त्यातही काही गैर नाही.

ऐरोलीची मुलगी नंतर स्वतः कार्यालयात आली. तोपर्यंत ती त्या मुलाला तलावपाळीला दोनदा भेटली होती आणि आईच्या बोलण्याने गोंधळली होती. मी तिला तिचे कार्ड दाखवले आणि त्या दिवशी बैठक का बदलली होती तेही, अभ्यासासकट, सांगितले. जे तिच्या निर्णयावर परिणाम करू शकते ते तिला माहीत असावे असे मला वाटले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, म्हणजे हे होकार उठून गेल्यामुळे आले असतील, तर आधी मी सगळ्यांना नाही म्हटलं ते बसून राहिल्यामुळे का? त्यातला एखादा बरा असेलही.’

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. ती त्या मुलाला अजून भेटते आहे. तिच्या आईने आमच्याकडची नोंदणी मात्र काढून घेतली. पुढच्या मेळाव्यापासून पहिल्या सात भेटींत मुलगे उठतील आणि चहानंतरच्या सात भेटींत मुली, असे मी ठरवले असून दोन्ही अर्ध्यांतील खुणा निरनिराळ्या मोजता याव्यात म्हणून कार्डावर दोन रकाने छापून घेतले आहेत. ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकत कायम आहे. त्यांनी एक मात्र मान्य केले आहे की चार-पाच मेळाव्यांची कार्डे समोर ठेवून मग बोलू.