एसी लावला की काटा चढतो

माझी छोटी पेट्रोल गाडी आता वीस वर्षांहून जुनी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने एक खोड धरली. एसी बंद असेल तर पुण्याच्या भर दुपारच्या उन्हातही तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राही. एसी लावून सिग्नलला उभे राहिले, की तो हळूहळू वर सरके आणि रस्ता मोकळा होऊन गाडीने वेग घेतला, की पुन्हा खाली येई. ज्याला विचारावे तो एसीलाच दोष देत होता. माझे मत वेगळे आहे. एसीमुळे गाडीवर जादा भार पडतो हे खरे, पण निरोगी गाडीने तो भार सोसावा अशीच तिची रचना असते. त्यामुळे एसी लावल्यावर गाडी तापत असेल, तर शीतन यंत्रणेत आधीपासून असलेली उणीव तेव्हा उघड होत असते.

हा भार दोन बाजूंनी येतो. एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि दोन-तीन किलोवॅट शक्ती सहज खेचतो, म्हणून इंजिनाला जास्त इंधन जाळावे लागते. शिवाय केबिनमधून काढलेली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बहुतेक गाड्यांत इंजिनाचे पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून आलेली असते.

म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: गाडी नेमकी कधी तापते? उभी असताना किंवा कोंडीत तापत असेल आणि वेगात थंड होत असेल, तर हवा कमी पडते आहे. उलट कोंडीत ठीक राहून खंबाटकीसारख्या घाटात किंवा द्रुतगती मार्गावर तापत असेल, तर संशय पाण्याच्या बाजूवर, म्हणजे चोक झालेल्या रेडिएटरवर, वॉटर पंपावर किंवा थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हवर, घ्यावा. या एका प्रश्नाने निम्मे काम होते. तरीही आपल्याकडे सुरुवात बहुधा नवा रेडिएटर आणण्यापासूनच होते.

एक तिसरी शक्यताही आहे, आणि ती गमतीची आहे. एसीचे बटण दाबताच काटा क्षणात उडी मारत असेल आणि बंद करताच तितक्याच झटकन परतत असेल, तर गाडी तापतच नाही. काही लिटर पाण्याचे तापमान असे पापणी लवताच बदलू शकत नाही. अशा वेळी बहुधा इंजिनाचे अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, गंजलेले असते आणि विजेचा भार वाढला, की मीटर खोटे बोलू लागते. माझा काटा मात्र सावकाश चढत होता, आणि थर्मोस्टॅटच्या आवरणावर इन्फ्रारेड तापमापक धरल्यावर तापमान खरोखरच वाढत असल्याची खात्री पटली.

मग मोर्चा पंख्याकडे वळवला. एसी लावताच पंखा सुरू झालाच पाहिजे, पाणी तापण्याची वाट त्याने पाहता कामा नये. दोन पंखे असलेल्या गाडीत दोन्ही फिरतात का हे मुद्दाम वाकून पाहावे, कारण एकाच्या आवाजात दुसऱ्याचे मौन लक्षात येत नाही. माझा पंखा फिरत होता, आणि म्हणूनच मेकॅनिकने त्याला निर्दोष ठरवले होते. परंतु पंखा फिरणे वेगळे आणि पुरेशा वेगाने फिरणे वेगळे. चालू इंजिनावर बॅटरीच्या टोकांपाशी जवळपास चौदा व्होल्ट असताना पंख्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर दहाच्या आसपास दाखवत होता. उरलेला विद्युतदाब जळकट रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि गंजलेले अर्थिंग यांतच खर्ची पडत होता. नवा रिले बसवून आणि अर्थिंग घासून जाड तारेने पुन्हा जोडल्यावर पंख्याचा आवाजच बदलला. मोटर दुरुस्त करून आणली असेल, तर आणखी एक तपासणी करावी. दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच झुंजतो. पुढच्या जाळीपाशी कागद धरावा. रेडिएटरमागे बसवलेला पंखा नीट चालत असेल, तर कागद जाळीला चिकटतो. अपघातानंतर पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण पुन्हा बसवलेच नसेल, तर हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे करूनही सुधारणा अर्धीच झाली. उरलेला दोष कंडेन्सर आणि रेडिएटर यांमधल्या बोटभर फटीत होता. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसत होता, पण त्याचे बोल्ट सैल करून तो जरा पुढे कलवला तेव्हा मागे माती, किडे आणि सुकलेली पाने यांची गोधडीच दिसली. ती इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा कंडेन्सर-रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या वाकवून टाकतो. यानंतर कोंडीत एसी लावूनही काटा हलला नाही.

एसीकडून एक कारण मात्र खरोखर येते, ते म्हणजे प्रमाणाबाहेर भरलेला गॅस. थंडावा वाढावा म्हणून अंदाजाने गॅस भरला, की दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त शक्ती खातो आणि कंडेन्सर अधिक तापतो. आर-१२ या जुन्या एसी गॅसवर चालणाऱ्या आणि नंतर आर-१३४ए हा नवा गॅस भरलेल्या गाड्यांत हे विशेष जाणवते, कारण उन्हाळ्यात नव्या गॅसचा दाब जास्त राहतो आणि जुना कंडेन्सर त्याला अपुरा पडतो.

पाण्याच्या बाजूविषयी एक तक्रार नोंदवतो. गाडी तापते म्हटले, की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आजही सर्रास मिळतो. अनेक इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. शंका असेल तर व्हॉल्व्ह पातेल्यातल्या पाण्यात तापवून तो त्यावर कोरलेल्या अंशाच्या, म्हणजे बहुधा ८२ किंवा ८८ च्या सुमारास, उघडू लागतो का ते पाहावे.

रेडिएटरचे झाकणही स्वस्त म्हणून दुर्लक्षिले जाते. ०.९ बारचे झाकण दाब धरत असेल, तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. त्याचे रबर फाटले, की ती सारी सवलत संपते. मात्र झाकण गार इंजिनावरच उघडावे. गार इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले आणि कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. ही तपासणी नव्या रेडिएटरची किंमत विचारण्याआधी करावी, कारण गॅस्केट गेलेले असेल तर नवा रेडिएटर काहीच कामाचा नाही.