कडब्याच्या गाडीइतकी रुंदी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टातला वहिवाटीच्या रस्त्याचा दावा. शेजाऱ्याने वाट नांगरून टाकलेली. वादी, म्हणजे माझ्या पक्षकार, पंच्याहत्तरीतल्या एक आजी, आणि पहिल्या साक्षीदारही त्याच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे २० वर्षांची उघड, अखंड वहिवाट सिद्ध करायची होती. नकाशावर वाट नाही, फेरफाराला नोंद नाही. सगळी भिस्त तोंडी पुराव्यावर.

दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने सांगायचं ते, प्रतिज्ञापत्रावर होते. ते लिहितो वकील, आजी खाली अंगठा उठवतात. न्यायाधीशांच्या कानावर साक्षीदाराचा आवाज पहिल्यांदा पडतो तो उलटतपासणीत, तेही विरोधी वकिलाच्या प्रश्नाला उत्तर देताना. माझा अनुभव असा की दावा इथेच वर येतो नाहीतर बुडतो, आणि तरीही कित्येक वकील साक्षीदाराला थेट पिंजऱ्यासमोरच भेटतात. काही जण तर पढवतात. पढवलेल्या माणसाला प्रश्नाचा क्रम बदलून विचारला की तो गडबडलाच.

आदल्या संध्याकाळी आजी म्हणाल्या, "वकीलबाई, काय बोलायचं ते सांगा, मी पाठ करते."

"पाठ काही करायचं नाही, आजी. प्रश्न पुरता ऐकायचा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं. त्यांनी आवाज चढवला तरी तुम्ही साहेबांकडे बघून बोला."

मग कोर्ट रिकामं झाल्यावर त्यांना आत नेलं. साहेब कुठे बसतात, टायपिंग कोण करतं, समोरचे वकील कुठे उभे राहतात, सगळं दाखवलं. पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वकिलांनी सुरुवातीलाच विचारलं, "रस्त्याची रुंदी किती फूट?"

"मापली न्हाई. कडब्यानं भरलेली गाडी जायची, बांधाला घासत नव्हती."

साहेबांनी टायपिस्टला नोंदीसाठी सांगितलं, "मला रस्त्याची रुंदी सांगता येणार नाही." मी लगेच उठले. हे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८, नियम १० खाली प्रश्नोत्तर रूपात, साक्षीदाराच्याच शब्दांत घ्यावं, अशी विनंती केली. समोरून हरकत आली. साहेबांनी आजींना प्रश्न पुन्हा विचारला. आजींनी तेच उत्तर दिलं, शिवाय दोन्ही हात फाकून कडबा कुठवर बाहेर यायचा तेही दाखवलं. नोंद जशीच्या तशी झाली.

पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता: "वीस वर्षं हे तुम्हाला वकिलांनी सांगितलं ना?"

"बहात्तरच्या दुष्काळात तळ्याच्या कामावर मी त्याच वाटनं जायची. येताना पदरात कामावर खायला मिळालेली सुकडी असायची. तवा ह्या बाई जन्मल्या तरी व्हत्या का?"

त्यानंतर नेहमीच्या सूचना झाल्या, म्हणजे समोरच्या वकिलांनी आपल्या बाजूचं म्हणणं एकेक करून आजींपुढे ठेवलं. वाट कधीच नव्हती, जमीन लाटायला दावा लावला. कागदावर ओळीने उतरत गेलं, "हे म्हणणे खरे नाही की..." साहेबांनी मला फेरतपासणीबद्दल, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा काही विचारायचं आहे का, ते विचारलं. विचारण्यासारखे दोन-तीन मुद्दे होते, पण त्या उत्तरावर माझा आणखी एक प्रश्न चढवणं मला पटेना. "फेरतपासणी नाही," म्हणाले आणि बसले.

वाट खुली करून देण्याचा हुकूमनामा झाला. निकालपत्रात गाडीचं आणि सुकडीचं उत्तर आजींच्या शब्दांत आलं. समोरच्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं. तिथेही युक्तिवादात मी तीच दोन उत्तरं वाचून दाखवली आणि अपील फेटाळलं गेलं.